फटफटीची खांदशेकणी

ब्रेक लावला होता त्यायनं. आधी एवढं ऐकून घ्या, मंग बाकीचं सांगते.

आमच्या हिंगणीत आजही कोणी पोट्टं फटफटी जोरात हाणत निघालं का म्हातारे माणसं त्याले म्हणतात, "हळू जाय रे, श्रावणसारखा मरशीन." अन् मी ओसरीवर बसून ऐकते. श्रावण म्हणजे माहा नवरा. मस्ती करत गेला म्हणतात, पोळ्याच्या दिवशी मुद्दाम बैलायले भेवाडाले गेला म्हणतात. लोकायच्या जिभेले काही हाड नाई. मले माहीत हाये काय झालं ते. मामाजी, म्हणजे माहे सासरे, जित्ते होते तवरक मी तोंड शिवून बसली. आता ते गेले. आता काऊन चूप बसू?

नवे पैसे निघाले त्या सालची गोष्ट. नाल्याकाठी आमची भाजीपाल्याची वाडी. सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, अन् मेथी, पालक, सारा पानाचा माल. तो वर्ध्याच्या बाजारात न्याचा बंडीनं. बंडी आदल्या दिवशी निघे अन् पोचेपोचेपर्यंत सांभाराचं गवत होऊन जाये. दलाल दोन बोटानं जुडी उचले, नाक मुरडे अन् टाकून दे. त्या दिवशी हे घरी आले का ताटावर बसत नसत. मी म्हणो, "दोन घास खाऊन घ्या, भाजीवर रुसता, भाकरीवर काऊन रुसता?" तं उठून वाडीत जाऊन बसत.

त्या उन्हाळ्यात आमच्या जोडीतला हऱ्या बैल बिमारीनं मेला. एकटा लाख्या उरला. लाख्याले जोडीदार आण म्हणून मामाजीनं यायले हिंगणघाटच्या बैलबाजारात धाडलं. मांगं घरी मामाजीनं नवी वेसण वळली, घुंगराची माळ घासून घासून लख्ख केली. मी पायावर पाणी टाकाले तांब्या भरून ठेवला. अन् हे गेले बैल आणाले, आले फटफटी घेऊन.

घेऊन म्हणजे काय, सेलूपासून ढकलत घेऊन आले! लढाईतली मिलिटरीची फटफटी, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेली. हिंगणघाटच्या गिरणीतल्या कोण्या बाबूनं वापरून वापरून तिचा जीव काढला होता, अन् उरलेला जीव आमच्या यायले विकला. घामानं सदरा अंगाले चिकटलेला, पण चेहरा असा का जसं काही राजाचा हत्तीच आणला.

मामाजी ओसरीवरून उठले. वेसण हातातच होती.

"बैल कुठी हाये?"

"बाबा, हाच बैल समजा. चारा नाई खात, बिमार नाई पडत. सकाळी तोडलेला सांभार सकाळीच वर्ध्याले पोचवते."

"तरी ढकलत आणला."

"जरा बिघडली हाये. करतो दुरुस्त."

मामाजीनं वेसण खुंटीले टांगली. "पोळ्याले तोरणाखाली साऱ्या गावाच्या जोड्या उभ्या राहतीन," ते म्हणाले, "अन् मी एकटा लाख्या घेऊन उभा राहू? लोक इचारतीन का दुसरा कुठी हाये, तं काय सांगू? पेट्रोल प्यायले गेला म्हणू?"

यायलेही राग आला. दिवसभर ढकलून ढकलून जीव गेलता. "लोकायसाठी शेती करता का पोटासाठी?" असं म्हणून गेले. बस. त्या दिवसापासून मामाजीनं लेकाशी बोलणं सोडलं. सासू माही आधीच वारली होती, म्हणून मधात मीच. एकाच ओसरीवर दोघं बसत, मधात एक खांब, अन् इकडचं तिकडं सांगाले मी.

"पोरी, त्याले सांग, लाख्याले चारा टाकाचा हाये."

"गोपिका, बाबाले सांग, टाकला."

ऐकू तं दोघायलेही येत होतं. पण नाई! मी सांगतलं तवाच ऐकू येईन. मी एक दिवस चिडून म्हणलं का मले डाकवाल्याचा खाकी डगला शिवून द्या. हे हासले. मामाजीले हासू आलं असन, त्यायनं तोंड तिकडं फिरवलं.

आता त्या फटफटीचे नखरे ऐका. लाथ मारली का सुरू नाई व्हाची. दहा लाथा मारल्या का एक उलटी लाथ तीच मारे. यायच्या नडगीवर हिरवंनिळं झालं. मी हळद लावून देत होती अन् शिव्या देत होती, शिव्या फटफटीले. सेलूले प्रेमदास म्हणून एक मिस्त्री ट्रका दुरुस्त करे. त्याच्याकडं जाऊन हे एकएक गोष्ट शिकून येत अन् अंगणात येऊन करत. करताना दुसरा माणूस लागे धराले, उचलाले, पुसाले. तो माणूस मी.

टाकीतून गंजाचे पापुद्रे निघाले, म्हणून पेट्रोल माह्या जुन्या लुगड्यातून गाळून घेतलं. लुगड्याले वास लागला तो गेला नाई. प्लग काजळीनं काया होये, तो मी चुलीवर तव्यात ठेवून भाजून दे. शेजारची कोकिळा एकदा आली, तव्यात पाहे अन् म्हणे, "हे काय व बाई, वांगे भाजून राह्यली का?" पावसाळ्यात तिची ठिणगी पाडाची पेटी ओल धरे, तं तीही चुलीजवळ. माह्या चुलीवर त्या दिवसायत आधी फटफटीचा सैपाक, मंग माणसाचा.

अन् एक दिवस झाली सुरू. काय आवाज तो! कोंबड्या छपरावर गेल्या. हे आनंदानं अंगणात गोल गोल फिरवत होते अन् मी हासून हासून खाली बसली. मामाजी बैलाच्या कोठ्यात लाख्यापाशी उभे होते. बाहेर नाई आले. पण कोठ्याच्या दारातून पाहून राह्यले होते, ते मले दिसलं.

मंग सांभार जाऊ लागला. मांगं दोन टोपले बांधाचे, वरून ओलं फडकं. वर्ध्याच्या बाजारात माल पोचे तवा पानावर दव राहे. तोच दलाल आता वाट पाहे. हे घरी येऊन पोटभर जेवत. मले अजून काय पाहिजे होतं?

एकच पाहिजे होतं. पोळा जवळ येऊन राह्यलता. पोळा फुटला, म्हणजे तोरणाखालून जोड्या सुटल्या, का आमच्याकडं लेक बापाच्या पाया पडते अन् बाप डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. त्या दिवशी साऱ्या गावासमोर हे वाकले अन् बापानं हातच नाई उचलला तं? मंग तुटलेलं ते तुटलेलंच. म्हणून त्या दिवसाच्या आत दोघायनं एकमेकाशी बोलावं, एवढ्यासाठी माहा जीव टांगणीले लागलता.

फटफटीची एकच खोड जात नव्हती. ब्रेक लावला का चाक ओरडे. असं तसं नाई, किर्रर्र करून, अंगावर काटा येईन असं. फाटकाशी येऊन थांबले का साऱ्या आळीले समजे का श्रावण आला. एक दिवस यायनं मागचं चाक उघडलं. चाकाच्या मधात लोखंडाचा डबा असते. त्याच्यात घोड्याच्या नालेसारख्या दोन नाला, नालेवर पट्टे. पाय दाबला का नाला फाकतात अन् डब्याले आतून धरून ठेवतात. आतली भुकटी मी फडक्यानं पुसली, यायनं पट्टे विटेवर घासले.

मी तेलाची बुधली पुढं केली तं माहा हात धरला. "इथं नाई. बाकी सारी गाडी तेल मागते, हे एवढंच अंग कोरडं पाहिजे. इथं तेल गेलं का ब्रेक संपला."

चाक बसवलं, चालवलं, तं पुन्हा किर्रर्र. प्रेमदासनं सांगतलं, "ओरडू दे. ओरडते म्हणजे धरते."

पण मामाजीले ते ऐकवत नसे. जिनगानीभर त्यायनं बंडी हाकली. बंडीचं चाक ओरडलं का समजाचं आस कोरडा पडला, आतून जळून राह्यला, आता मोडन. त्यायच्या बंडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं राहे, ते कधी रितं म्हणून नाई. दुसऱ्याची बंडी ओरडत चालली दिसली तरी थांबवत अन् आपल्या हातानं वंगण देत.

"पोरी," ते एक दिवस म्हणाले, "त्याले सांग, चाक रडून राह्यलं. रडत्या चाकानं माणसानं घराबाहेर पडू नाई. तेल दे म्हणा."

हे खांबाच्या तिकडंच बसले होते. "बाबाले सांग, ते आसाचं नाई, ब्रेकचं हाये. ते ओरडतेच."

मी दोन्हीकडं सांगतलं, जसंच्या तसं.

"ब्रेक! बंडीले कधी ब्रेक होता का? लाकडाचं असो का लोखंडाचं, चाक ते चाक." मामाजी उठून गेले.

हेही उठून गेले. मी खांबापाशी उभी. आजही मले त्या दोघायचा राग येते, खरं सांगते. अरे, बाप लेकाच्या जवळ बसला असता, लेकानं ते चाक उघडून दाखवलं असतं, "पाहा बाबा, याले असं असते," म्हणलं असतं, तं काय बिघडत होतं? पण तोंडं फुगवून बसले दोघं. एकापेक्षा एक हट्टी.

बाकी मामाजी नरमत चालले होते. बाजारातून येणारे लोक सांगत, तुमच्या श्रावणचा माल पयला उचलला जाते म्हणून. ते नुसते हूं करत. पण रातीच्या पावसात कोणी तरी फटफटीवर पोतं झाकून जाये. मी झाकत नव्हती, हेही नाई. म्हणलं, होऊन राह्यलं, होऊ द्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. सालभर जू वाहून बैलाचे खांदे सोलपटतात, ते गरम तेलहळदीनं शेकाचे, पळसाच्या पानानं चोळाचे अन् बैलाले आवतन द्याचं. दिवस कलताना मामाजी चुलीपाशी आले. "पोरी, तेल तापव. हळद टाक."

मी वाटीभर तापवलं.

"अजून दे."

"एकटा लाख्या तं हाये मामाजी, एवढं कशाले?"

"दे म्हणतो ना."

मले वाटलं, सवय हाये जोडीची. हऱ्याचंही शेकत असतीन मनातल्या मनात. मले वाईट वाटलं अन् मी अजून वाटीभर दिलं. हे तवा वाडीत होते, सणाच्या बाजारासाठी सांभार तोडून राह्यले होते. कोठ्यातून मामाजीचा आवाज आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." थोड्या वेळानं पुन्हा आला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दोनदा कोणाले आवतन देऊन राह्यले, म्हणून मी चुलीपाशी बसून डोळे पुसले.

सकाळी हे फटफटीपाशी गेले अन् तिथूनच मले हाक मारली. आवाजच वेगळा होता. मी धावत गेली. फटफटीच्या टाकीवर हळदीचे पाच बोटं उमटलेले. दिव्याले पळसाचं पान खोचलेलं. अन् हँडलले ती घुंगराची माळ बांधलेली, नव्या बैलासाठी घासलेली.

मामाजी लाख्याले धुवाले नाल्यावर गेलते. हे त्या माळेले हात लावून उभेच राह्यले. एवढा मोठा माणूस, नाक ओढून राह्यला होता.

"बोलले का तुमच्याशी?" मी इचारलं.

"नाई. पण हे बोलणंच हाये ना, गोपिका?"

"हो तं काय!"

"तोरणाची वाट नाई पाहत मी. बाजारातून आलो का पयले पाया पडतो. तू पुरण शिजव."

पयल्याच लाथेत फटफटी सुरू झाली. घुंगरं वाजत फाटकापर्यंत गेली, जराशी सरकून थांबली. अंगण पावसानं ओलं होतं.

"अरे, आज ओरडली नाई," हे मांगं वळून हासले. "सणाची शहाणी झाली." अन् गेले.

तेच शेवटचं पाहणं.

नाल्याचा उतार तुमी पाह्यला असन. आता तिथं पूल झाला. तवा खाली पाण्यातून जाणारा दगडी रपटा होता अन् दोन्ही अंगानं उतार. पोळ्याची सकाळ म्हणजे साऱ्या गावाचे बैल नाल्यावर. कोणी शिंगं घासून राह्यलं, कोणी पाठ घासून राह्यलं, माणसं, पोरं, सारी जत्रा. वरून फटफटी आली. घुंगराचा आवाज ऐकून लोकायले वाटलं, श्रावण मजा करून राह्यला. हे ओरडत होते, "हटा, हटा!" लोक हासले. पाय दाबून दाबून यायनं अर्ध्या उतारावर चप्पल तोडली होती. ती चप्पल मले मंग सापडली. म्हणून म्हणते, ब्रेक लावला होता त्यायनं.

रपट्यावर, बरोबर समोर, मामाजी लाख्याले घासत उभे होते. पाठ इकडं. यायनं हँडल वळवलं अन् फटफटी काठच्या खडकावर घातली.

भैय्याजी म्हणून शेजारचे, ते मले बलवाले धावत आले. मी गेली तवा सारा नाला सांभारानं हिरवा झालता अन् हे काठावर पडलेले. श्वास चालू होता. सेलूच्या दवाखान्यात न्याचं म्हणून लोकायनं आमची बंडी आणली. पण जुंपाले आमच्याकडं जोडी कुठी होती? भैय्याजीचे बैल सोडून आणले, त्यायच्या शिंगावरचा ओला रंग साऱ्यायच्या हाताले लागला.

मामाजी बंडीत लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अन् बोलत होते. इतक्या दिवसायचं सारं बोलत होते. लाख्याच्या खुरात काटा गेलता ते सांगतलं. वाडीच्या कोपऱ्यात पुढच्या साली काय लावू ते इचारलं. माल पयला उचलला जाते ऐकून बरं वाटलं, ते सांगतलं. मी पायाशी बसली होती. माह्या ध्यानात आधी आलं का हे गेले. तरी मी मामाजीले थांबवलं नाई. सेलू येतपर्यंत बोलू दिलं.

त्याच्या मांगं गावानं तोंड सोडलं. मामाजी ओसरीवर बसून राहत अन् दिवसातून एकदा तरी मले इचारत, "पोरी, त्यानं ब्रेक काऊन नाई लावला?" मी म्हणो, "लावला होता." ते म्हणत, "मंग थांबली काऊन नाई?"

दिवस-तेरवी झाल्यावर प्रेमदास आला. फटफटी कोठ्याच्या मांगं उभी होती. ती विकाचीच होती. त्यानं मागचं चाक खोललं अन् खोलता खोलता थांबला. "वहिनी, इकडं या."

डब्याच्या आतून पिवळं तेल गळून राह्यलं होतं. नाला, पट्टे, सारं पिवळं. फोडणी जळल्यावर येते तसा वास आला. हळदीचा वास मले ओळखू येणार नाई का? रोज चुलीपाशी बसणारी बाई मी. पुढचं चाक खोललं, तिथंही तेच.

दुसरी वाटी कोणासाठी होती, ते मले तिथं समजलं.

प्रेमदासलेही समजलं असन. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग ओसरीकडं पाह्यलं. मामाजी खांबाले टेकून बसले होते.

"काय निघालं रे?" त्यायनं तिथूनच इचारलं.

मी म्हणलं, "तार तुटला होता मामाजी. ब्रेकचा तार."

"अस्सं," ते म्हणाले. "तार. माह्या लेकानं ब्रेक लावला होता म्हणजे." अन् त्या दिवसापासून दोन घास जास्त खाऊ लागले. सांगा, काय करत होती मी? माहा नवरा गेला होता. त्यायचा लेक गेला होता. अजून काय काढून घेऊ त्यायच्यापासून? प्रेमदासनं सारं पुसून काढलं, नवे पट्टे बसवले अन् कोणाशी बोलला नाई.

दिवाळी होऊन गेल्यावर गिऱ्हाईक आलं. कारंज्याचे मधुकरराव मास्तर. दूरच्या खेड्यात बदली झाली म्हणून त्यायले फटफटी पाहिजे होती. सोबत बायकोही आली होती, नवं लग्न झालेली, अंगणात पदर सावरत उभी. मास्तरनं फटफटी फाटकापर्यंत चालवून पाह्यली. ब्रेक लावला. किर्रर्र!

मामाजी ताडकन उठले.

"मास्तर, थांबा जरा." किती दिवसायनं त्यायच्या आवाजात जीव आला होता. "हिचं चाक रडते. आमच्या श्रावणच्या वेळीही रडे. पोळ्याले मीच चूप केलतं. रडत्या चाकानं नवी नवरी घेऊन जाऊ नाई. पोरी, तेल तापव. हळद टाक थोडी, शकुनाची."

मी चुलीपाशी जाऊन उभी राह्यली. तेल होतं, बुधली भरून होतं.

"तेल सरलं मामाजी," मी आतून म्हणलं.

"थेंबभरही नाई?"

"नाई."

"मंग देवापाशी दिवा हाये, त्यातलं घेतो." अन् ते आत आले, दिव्यातली वात काढून ठेवली, दिवा हातात घेऊन सांभाळत अंगणात गेले. मी त्यायच्या मांगं. "मामाजी, राहू द्या," म्हणत गेली. "मिस्त्री देईन तेल, तुमी राहू द्या." ते ऐकून नाई राह्यले. मास्तरही बिचारा हासून म्हणे, "द्या आजोबा, तुमच्या हातचं शुभच होईल."

मामाजी चाकापाशी उकिडवे बसले. डब्याच्या फटीशी दिवा वाकडा केला. मी त्यायचं मनगट धरलं अन् ओरडली, "नका! मरन तो माणूस!"

मास्तरची बायको पदर तोंडाशी नेऊन पाहून राह्यली होती.

मामाजीनं माह्याकडं पाह्यलं. मंग चाकाकडं. मंग हातातल्या दिव्याकडं. तेल त्यायच्या बोटावरून खाली मातीत गळत होतं. मी त्यायचं मनगट सोडलं नाई. सोडताच येत नव्हतं.

"तार नव्हता तुटला," ते म्हणाले. इचारलं नाई, म्हणालेच.

मी मानेनंच नाई म्हणलं.

"माहं तेल?"

मले रडू आलं. बापानं लेकाच्या बैलाचा खांदा शेकला, एवढंच तं केलं होतं त्यायनं. याच्यापेक्षा जास्त माया कोणता बाप करते?

मामाजीनं दिवा मातीवर ठेवला, धोतराले हात पुसले, पुन्हा पुसले, पुन्हा पुसले. उठताना माह्या खांद्याचा आधार घेतला.

"घेऊन जा मास्तर," ते म्हणाले. "अन् याच्यात कोणालेही तेल टाकू देऊ नका. कोणी माया करून टाकतो म्हणलं तरी नाई. ओरडू द्या तिले."

मास्तर भ्यायल्यासारखा निघाला, बायको मांगं बसलेली. मामाजी फाटकापर्यंत गेले. मी त्यायच्याजवळ उभी राह्यली. फटफटी आळीतून गेली, वळली, दिसेनाशी झाली. आवाज लहान होत नाल्याकडं गेला. आम्ही दोघंही कान लावून उभे.

मंग उतारावरून आवाज आला. किर्रर्र. लांबपर्यंत, सारा उतार उतरतपर्यंत येत राह्यला. मंग रपट्याच्या पलीकडं चढावर इंजनाचा आवाज चढला.

"उतरला," मामाजी म्हणाले, अन् फाटक धरून तिथंच खाली बसले.